कांजण्यांची लस सरकारी यादीत का नाही?

सिडकोकर: कॉलेजरोडच्या डॉक्टरांनी पोराला कांजण्या, फ्लू दोन्ही लिहून दिल्या, मनपाच्या दवाखान्यातली सिस्टर म्हणते आमच्या यादीतच नाहीत, मग यादी ठरवतं कोण, कंपन्याच ना?

पंचवटीचा_पक्या: मग काय! औषध कंपन्यांची एमआर लोकं केबिनबाहेर उगीच बसतात का 😄

माई_इंदिरानगर: सरसकट नको रे बोलू. सरकारला एनटीएजीआय, म्हणजे लसीकरणावरची तज्ज्ञ समिती, सल्ला देते, खाजगीवाले बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं, म्हणजे आयएपीचं वेळापत्रक धरतात. पण शंका अगदीच हवेतली नाहीये, 2009 ला आंध्र-गुजरातेत पाथ या अमेरिकन संस्थेचा एचपीव्ही लसीचा (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची) प्रकल्प झाला, लस कंपन्यांनीच फुकट दिलेली, 2010 ला थांबवला आणि 2013 ला संसदीय समितीने पाथला चांगलंच झापलं. पण म्हणून सरकारी यादीतली गोवराची लस चुकवू नको हां.

सिडकोकर: ती झालीये ताई. फ्लूचं बघतो, डॉक्टरांनाच विचारतो कशासाठी ते.