इतके धर्म, इतके देव. मग हाक ऐकणारा देव येशूच कसा?

शरणपूरकर (धागाकर्ता)

सिंहस्थाचा विषय निघाला की ऑफिसात मला एक टोमणा ठरलेला असतो. "जगात एवढे धर्म, एवढे देव, आणि तुमचा येशू तेवढा खरा?" डब्याच्या वेळेत याचं उत्तर देऊन होत नाही, म्हणून इथे लिहितो.

धर्म पुष्कळ आहेत यावरून देव नाही किंवा तो कुणाचं ऐकत नाही, हे ठरत नाही. सगळे एकाच वेळी बरोबर नाहीत, एवढंच ठरतं. कुराण म्हणतं येशू क्रुसावर मारला गेला नाही, आम्ही म्हणतो मारला गेला. दोन्ही खरं कसं असेल? "सगळे मार्ग एकाच ठिकाणी जातात" म्हणणारा उदार वाटतो खरा, पण तो प्रत्येक धर्माला सांगत असतो की तुमचं तुम्हालाच कळलेलं नाही.

व्यक्तिरूप देव म्हणजे ढगावर बसलेला दाढीवाला म्हातारा नव्हे. जाणणारा, प्रेम करणारा, हाक मारता येईल असा. मित्राच्या वडिलांच्या दशक्रियेला रामकुंडावर गेलो होतो. पिंडाला कावळा शिवेना. शेवटी मित्राची आई हात जोडून म्हणाली, "धाकटीची काळजी करू नका, तिचं लग्न आम्ही नीट लावून देऊ." एरवी वेदान्तावर तासभर बोलणारे त्याचे काका शेजारीच उभे होते, त्यांचेही डोळे भरले. त्या घडीला कुणालाही निर्गुण तत्त्व पुरत नाही. पलीकडे ऐकणारं कुणीतरी असावं ही ओढ आमची एकट्याची नाहीच. आम्ही फक्त पुढचं म्हणतो: तो स्वतः एकदा आला, रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या अमदानीत क्रुसावर मेला आणि पुन्हा उठला. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला साफ लिहिलंय की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ. आपली मान अशी स्वतःहून पुढे करणारा धर्म मला प्रामाणिक वाटतो.

पंचवटीकर

ती माउली गेलेल्या नवऱ्याशी बोलत होती, देवाशी नव्हे. एवढा फरक तरी ठेवा!

आणि ऐकणारा देव हवा असेल तर तो अठ्ठावीस युगं विटेवर उभा आहे. जनाबाईबरोबर जात्यावर बसतो, नाथांघरी पाणी भरतो. याहून जास्त सलगी कुठल्या देवाने केली? ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक तर म्हणत की आपण तुकोबांनी बांधलेल्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. मग पलीकडे पोचल्यावर पूल पाडायची एवढी घाई का? माझ्या देवघरात मी उद्या येशूची तसबीर लावीन, घरात कुणी ब्र काढणार नाही. तुम्ही विठोबाची लावाल?

निवृत्त मास्तर

मूळ मुद्दा जन्माचा आहे. माणूस मालेगावात जन्मला तर बहुधा मुसलमान, वसईच्या एखाद्या वाडीत जन्मला तर कॅथलिक. उदाहरण नाशिकमधल्या तुमच्या शरणपूरचंच घ्या. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं चर्च मिशनरी सोसायटीने तिथे वाढवली, शिकवली. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेचा शोधप्रवासी लिव्हिंग्स्टन याचा मृतदेह आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत होता. १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनाच्या वेळी शवपेटीला त्याचाही हात होता. माणूस मोठाच, वाद नाही. पण ती मुलं दुसऱ्या बंदराला उतरली असती तर दुसऱ्या देवाला हाक मारत मोठी झाली असती. यात देवाची योजना किती आणि बंदराची किती?

शरणपूरकर

मास्तर, पायथागोरसचा सिद्धान्त तुम्हाला कळला कारण तुम्ही शाळेत गेलात. म्हणून तो शाळेपुरताच खरा का? माणूस विश्वासापर्यंत कसा पोचला आणि तो विश्वास खरा आहे का, हे प्रश्न वेगळे. जन्माचाच हिशेब लावायचा तर नास्तिकालाही लावा. आणि टिळकांचं काय? चित्पावन घरात जन्म, कीर्तन-पुराणात मुरलेले, तरी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई, माहेर आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरचं, त्या तेव्हा आल्या नाहीत. काही वर्षांनी स्वतःच्या विचाराने आल्या. यात बंदर कुठलं?

पंचवटीकर, फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला या. मेणबत्ती घेऊन रांगेत उभ्या असलेल्या कुंकू लावलेल्या कितीतरी बायका दिसतील. त्यांना कुणी हटकत नाही. इतर धर्मांत जे खरं आणि पवित्र आहे ते आम्ही नाकारत नाही, असं कॅथलिक चर्चने १९६५ सालीच जाहीर केलंय. मी प्रोटेस्टंट, तरी मान्य. पण तुमच्या देवघरातला येशू सोळावी तसबीर असतो. तो स्वतःबद्दल जे म्हणतो ते ऐकलं तर बाकीच्या पंधरांचं काय करायचं, हा प्रश्न उभा राहतोच. तुम्ही त्याला जागा देता, त्याचं म्हणणं मात्र मानत नाही.

निवृत्त मास्तर

पायथागोरस मालेगावात काय नि रोममध्ये काय, फळ्यावर सारखाच सिद्ध होतो. पुनरुत्थान करून दाखवा फळ्यावर. येशूच्या चार चरित्रांत मार्काचं शुभवर्तमान सर्वांत जुनं, तेही बहुतेक अभ्यासक इ.स. ७०च्या आसपासचं मानतात. रोमन इतिहासकार टॅसिटस पिलाताने दिलेली मृत्युदंडाची शिक्षा नोंदवतो, कबरीतून उठणं नाही.

जुनं_नाशिक

भाईजान, दुआ ऐकणारा रब आमचाही आहे, त्यासाठी त्याला माणूस व्हावं लागत नाही. येशू आमच्यासाठीही मोठे पैगंबर. बाकी तुम्ही दोन्ही खरं नाही म्हणालात ते बरं केलंत. आमच्याकडेही "सगळं एकच" म्हणून गोड बोलणारे खूप आहेत.

त्रिरश्मी

सगळे ऐकणाऱ्या देवावर बोलताय, म्हणून लिहिते. काळाराम मंदिरातला देवही ऐकणाराच होता. २ मार्च १९३० पासून आमची माणसं त्याच्या दारात उभी राहिली, मार खाल्ला, पुढे कित्येक वर्षं लढली. दार उघडलं नाही. १९३५ ला याच जिल्ह्यात, येवल्यात, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं सांगितलं. तेव्हा बोलवायला सगळेच धर्म आले, ख्रिस्तीही. १९५६ ला त्यांनी निवडला तो धम्म, ज्यात निर्माता देवच नाही. येशू जन्मायच्या आधीपासून आपल्या नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत भिक्खू राहत होते, त्यांचंही अशा देवावाचून काही अडलं नाही. शरणपूरकर दादा, तमिळनाडूत दलित ख्रिस्त्यांना दफनालाही मध्ये भिंत घालून वेगळी जागा दिल्याची उदाहरणं आहेत. प्रेम करणारा देव मध्ये आला की त्याचे लाडके कोण हे ठरवणारेही येतात.

शरणपूरकर

ताई, दफनभूमीतल्या भिंतीबद्दल मी एका शब्दानेही बचाव करणार नाही, ते पाप आहे. पण ते पाप ठरवायला मला येशूच लागतो. त्याला वेशीबाहेर नेऊन मारलं, असं इब्री लोकांस पत्रात लिहिलंय. भिंत बांधणाऱ्यांच्या बाजूचा तो नव्हता.

त्रिरश्मी

दादा, वेशीबाहेर आम्ही होतोच. आम्हाला तिथे सोबतीला देव नको होता, वेस मोडायला हवी होती.

निवृत्त मास्तर

फळ्याचं उत्तर राहिलं, शरणपूरकर.

शरणपूरकर

देतो. पौलाचं ते करिंथचं पत्र मार्काच्या आधीचं, पन्नाशीच्या दशकातलं. त्यात उठलेला येशू कुणाकुणाला दिसला याची यादी आहे: केफा म्हणजे पेत्र, याकोब, शेवटी पौल स्वतः. यातला पौल मंडळीचा छळ करणारा, आणि याकोब येशूचाच भाऊ. योहान लिहितो की हयातीत त्याच्या भावांचाही त्याच्यावर विश्वास नव्हता. त्या याकोबाला पुढे दगडमार झाल्याचं यहुदी इतिहासकार जोसेफस लिहितो, आणि जोसेफस ख्रिस्ती नव्हता.

निवृत्त मास्तर

यावरून ते मनापासून मानत होते, एवढं मी मान्य करतो. मनापासून मानणारे या धाग्यावरच चार धर्मांचे आहेत.