उंची वाढवण्याच्या शस्त्रक्रियेबाबत मदत हवी आहे: भाऊ हट्टाला पेटला आहे

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाविषयी जाणकारांचा सल्ला हवा आहे. आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. भाऊ २५ वर्षांचा आहे आणि अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरीला आहे. त्याची उंची पाच फूट दोन इंच, म्हणजे १५७ सेंटिमीटर आहे. पायांची हाडे लांबवून उंची वाढवण्याच्या शस्त्रक्रियेचे त्याने मनावर घेतले असून, परगावच्या एका रुग्णालयाकडून खर्चाचा अंदाजही परस्पर मागवून ठेवला आहे. तो आकडा नऊ लाखांच्या पुढे आहे. ही शस्त्रक्रिया केवळ सौंदर्यासाठी असल्यामुळे मेडिक्लेममधून एक पैसाही मिळणार नाही.

आमच्या घरात कोणीच उंच नाही. भाऊ चौदा वर्षांचा असताना बालरोगतज्ज्ञांनी त्याच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय पाहिले होते, थायरॉइडचीही तपासणी करून घेतली होती, आणि कोठेही दोष नसून ठेवणच घराण्याची आहे असे सांगितले होते. हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या पट्ट्या एकदा बंद झाल्या की इंजेक्शन, चूर्ण किंवा लोंबकळण्याचे व्यायाम यांपैकी कशानेही उंची वाढत नाही, हे त्याला आता माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. कॉलेजात असताना पावडरीचे डबे रिकामे केल्यावरच त्याला हे पटले, तो इतिहास येथे सांगत बसत नाही.

त्याला त्रास कशाचा होतो हे बाहेरच्या माणसाला चटकन कळणार नाही, कारण पाच फूट दोन इंच उंचीचा पुरुष आपल्याकडे काही दुर्मीळ नाही. पोलिस भरतीला पुरुषांसाठी किमान १६५ सेंटिमीटर उंची लागते, म्हणून तो नाद त्याने बारावीतच सोडला. त्र्यंबक रस्त्यावरून जाताना पोलिस अकादमीचे फाटक आले की अजूनही तो दुसरीकडे पाहतो. आवडलेली मोटारसायकल सोडून, सिग्नलला दोन्ही पाय टेकतील अशी गाडी त्याने घेतली. पँट शिवायला किंवा आखूड करायला टाकली की टेलर माप न घेताच खालची पट्टी दुमडून टाचणी लावतो आणि वर "नेहमीएवढीच ना?" असे विचारतो. यांपैकी एकही गोष्ट मोठी नाही, पण रोज एखादी तरी घडतेच.

खरी ठिणगी लग्नाच्या बोलणीतून पडली. आमच्या मामांनी परिचयपत्रात त्याची उंची पाच फूट चार इंच लिहिली आणि बुटात घालायला जाड सोल आणून दिले. गंगापूर रोडवर एका स्थळाकडे पाहण्याचा कार्यक्रम होता. तेथे घरात शिरताना चपला-बूट दाराबाहेर काढावेच लागतात, हे कोणाच्याच लक्षात आले नव्हते. मुलगी त्याच्यापेक्षा किंचित उंच निघाली आणि दोन दिवसांनी नकार आला. नकाराचे कारण उंची हे नव्हते, लिहिलेली आणि दिसलेली उंची यांतला फरक हे होते, असे मध्यस्थांनी स्पष्टच सांगितले. भावाने मात्र त्यातली केवळ उंची तेवढी धरून ठेवली.

घरात दोन तट आहेत. वडील "थेरं" या एका शब्दात विषय संपवतात. आईला वाटते की लग्न झाले की आपोआप सगळे ठीक होईल. हैदराबादमध्ये २०१६ साली एका तरुण इंजिनिअरने घरी न सांगता हीच शस्त्रक्रिया करून घेतली होती आणि त्यावरून मोठा वाद झाला होता. चीनने तर सौंदर्यासाठी अशी शस्त्रक्रिया करण्यावर २००६ मध्ये बंदी घातली. ही माहिती मी भावाला दिली, तेव्हा तो म्हणाला, "ताई, मी निदान घरी सांगतो तरी आहे." त्यावर मला उत्तर सुचले नाही. तो कमावता आहे, सज्ञान आहे, पैसे बहुतांशी त्याचेच आहेत. त्यामुळे नुसती भीती घालून त्याला अडवणे मला योग्य वाटत नाही, आणि डोळे मिटून संमती देणेही जमत नाही.

मला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. याच पद्धतीने हाड लांबवण्यासाठी ज्यांच्या पायाला अपघातानंतर रिंगा (हाडातून तारा घालून पायाभोवती बसवलेली धातूची कडी) लावल्या होत्या त्यांचे ते महिने प्रत्यक्षात कसे गेले? सर्जनला भेटताना आम्ही कोणते प्रश्न विचारावेत? आणि कमी उंचीसह आयुष्य काढणाऱ्या कोणी मोकळेपणाने लिहिले, तर ते मी त्याला वाचायला देईन. कृपया थट्टा करू नये.

प्रतिसाद: नाशिकरोडकर

ताई, मुंबई-आग्रा महामार्गावरच्या अपघातात माझ्या डाव्या नडगीचा चार सेंटिमीटरचा तुकडा गेला होता आणि तो इलिझारोव्ह पद्धतीने भरून काढला. ही पद्धत सोव्हिएत रशियातल्या कुर्गान येथील डॉ. गाव्रिल इलिझारोव्ह यांनी १९५० च्या दशकात विकसित केली. हाड कापतात, आठवडाभर थांबतात आणि मग दोन्ही तुकडे रोज एक मिलिमीटर या वेगाने दूर नेतात. मधल्या फटीत नवे हाड तयार होत जाते. माझ्या रिंगांचा नट दिवसातून चार वेळा पाव पाव फेरा फिरवायचा असे, आणि ते काम दहा नंबरच्या पान्याने माझी बायको करीत असे.

वाढवण्याचे दिवस तुलनेने थोडे असतात. सहा सेंटिमीटरला दोन महिने पुरतात. पण ते कोवळे हाड भार पेलण्याइतके पक्के होण्यासाठी, धरून चाला की प्रत्येक सेंटिमीटरमागे एकंदर महिना ते दीड महिना लागतो. त्यातही माझा एकच पाय होता. तुमच्या भावाचे दोन्ही पाय एकाच वेळी अडकणार, म्हणजे संडासला जातानाही कोणीतरी लागेल. हाड वाढते, पण स्नायू, नसा आणि घोट्यामागची शीर तितक्या खुशीने वाढत नाहीत. माझी टाच वर उचलली गेली होती आणि पंजा खाली झुकला होता. फिजिओथेरपीच्या बाई पट्ट्याने पंजा वर ओढत तेव्हा मी उशीत तोंड खुपसून ओरडत असे. तारा जेथून आत जातात तेथे पू होतो, म्हणून रोज सलाइनने पुसावे लागते. पायजम्याच्या बाजू उसवून त्याला नाड्या लावल्या होत्या.

आता मांडीच्या हाडाच्या पोकळीत बसवायचे, बाहेरून चुंबकाने लांबवायचे खिळेही निघाले आहेत. त्यात रिंगा नसतात आणि जंतुसंसर्गही कमी होतो, मात्र ते फार महाग असतात आणि हाड जुळून येण्याचा काळ त्यानेही टळत नाही. पूर्ण भार देता येईल असा त्यातला एक पोलादी खिळा, हाडावर परिणाम दिसू लागल्यामुळे, २०२१ मध्ये बाजारातून मागे घ्यावा लागला होता.

सर्जनला एवढे नक्की विचारा: अशा किती रुग्णांचे दोन्ही पाय त्यांनी स्वतः लांबवले आहेत, हाड जुळले नाही तर पुढच्या शस्त्रक्रियेचा खर्च कोणाचा, खिळा काढण्याचे पैसे या आकड्यात धरले आहेत का, आणि फिजिओथेरपी नाशिकला होणार की तिकडेच खोली घेऊन राहावे लागणार. त्याची नोकरी दिवसभर उभ्याची असेल तर वर्षभराची बिनपगारी रजा कंपनी देते का, हे सर्वांत आधी विचारा. माझा पाय वाचला, त्यामुळे माझी तक्रार नाही. पण धडधाकट पायांना हे करावे असे मी सांगणार नाही.

प्रतिसाद: निफाडची

माझी उंची चार फूट नऊ इंच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार प्रौढ व्यक्तीची उंची १४७ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर ती दिव्यांगत्वात धरली जाते, आणि माझ्याकडे तसे प्रमाणपत्र आहे. तुमचा भाऊ माझ्यापेक्षा पाच इंचांनी उंच आहे, हे त्याला जरूर सांगा. दुःखाची तुलना करायची नाही, तरीही सांगा.

मी बँकेत काउंटरवर बसते. खुर्ची उंच करून घेतली आणि पायाखाली लाकडी पाट ठेवला. घरचा ओटा बांधताना गवंड्याला माझ्या कोपरापासून माप घ्यायला लावले. एसटीत वरची दांडी मी धरतच नाही, सीटची पाठ धरते. नव्या ग्राहकाची नजर माझ्यावर क्षणभर अडकते आणि मग स्लिपकडे वळते. त्या क्षणाची सवय झाली असे म्हणणे खोटे होईल, पण आता तो क्षण माझ्यासोबत घरी येत नाही. यासाठी मला समुपदेशन घ्यावे लागले आणि त्यात काही कमीपणा नाही.

स्पष्ट लिहिते, राग मानू नये. परिचयपत्रातील आकडा आधी दुरुस्त करा. घरातलेच लोक त्याची उंची लपवतात आणि मग ती त्याने मनावर घेऊ नये अशी अपेक्षा करतात, हे मला अजिबात पटले नाही. खरी उंची वाचून जे स्थळ येईल, तेथे बूट काढण्याची धास्ती तरी राहणार नाही.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. परिचयपत्र मी आजच बदलले; मामा रागावले आहेत. नाशिकरोडकर दादांचा प्रतिसाद भावाने माझ्या समोर दोनदा वाचला, आणि "रजा मिळेल का ते विचारतो" एवढेच बोलला. त्याने विचार सोडलेला नाही. सर्जनला भेटण्यापूर्वी एकदा मानसोपचारतज्ज्ञांना भेटायचे, या अटीवर मी त्याच्यासोबत परगावी जायला तयार झाले आहे. मात्र "मी वेडा आहे का?" असे तो म्हणेल, ही भीती वाटते. ज्यांनी घरच्या माणसाला अशा भेटीसाठी राजी केले आहे, त्यांनी नेमके काय बोलून केले ते लिहावे.