मदत हवी आहे : टीबीच्या गोळ्या चालू आहेत, एप्रिलमध्ये बी.एस्सी.ची परीक्षा आहे

नमस्कार. मी पहिल्यांदाच लिहितेय आणि तीनदा लिहून पुसलंय. क्रम मागेपुढे झाला तर समजून घ्या.

मी सोलापूरची. बी.एस्सी. रसायनशास्त्र, तिसरं वर्ष. राहायला कुंभारीला, विडी कामगारांच्या घरकुलात. दहा हजार घरांची ही वसाहत २००६ साली ताब्यात मिळाली, त्यात आईला एक घर लागलं. आई विड्या वळते. वडील यंत्रमागावर होते, तो कारखाना बंद पडला, आता रात्रपाळीला वॉचमन आहेत. धाकटा भाऊ अकरावीला आहे. कॉलेजात गेलेली घरातली मी पहिली.

दसऱ्यापासून रोज संध्याकाळी अंगात कणकण यायची. खोकला थांबेना. आमच्या भागातल्या एका डॉक्टरांनी दीड महिना खोकल्याचं औषध आणि बदलून बदलून गोळ्या दिल्या, पण छातीचा फोटो काढायला एकदाही सांगितलं नाही. पाचव्या सत्राची परीक्षा मी त्याच तापात दिली. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला गेलो होतो, तेव्हा होम मैदानावर दम लागून मी खालीच बसले. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीने मला सिव्हिलला नेलं. फोटो, थुंकीची तपासणी, आणि मग कळलं की फुप्फुसाचा टीबी आहे. दसऱ्याला वजन ४७ किलो होतं, त्या दिवशी ३९ भरलं.

उपचार फुकट आहेत आणि नीट चाललेत, त्याबद्दल तक्रार नाही. एकूण सहा महिने. पहिले दोन महिने चार औषधं एकत्र असलेल्या गोळ्या, नंतरचे चार महिने तीन औषधांच्या. माझ्या वजनाला रोज सकाळी उपाशीपोटी तीन गोळ्या येतात. आता सात आठवडे झालेत. ताप गेला, खोकला जवळजवळ गेला, वजन ४२ झालं. पण गोळ्या घेतल्या की दुपारपर्यंत मळमळतं आणि गुडघे, घोटे ठणकतात. आयसोनियाझिडमध्ये पिरिडीनचं वलय आहे, पायराझिनामाईडमध्ये पायराझीनचं. दोन्ही रचना मला डोळे मिटून काढता येतात. तेच प्रकरण मला परीक्षेसाठी करायचंय आणि वही उघडली की वीस मिनिटांत अक्षरं पुसट व्हायला लागतात. पुसट म्हणजे डोक्यात. डोळे तपासून घेतलेत, कारण इथॅम्ब्युटॉलने नजरेवर परिणाम होऊ शकतो असं सांगितलं होतं. डोळे ठीक आहेत.

आता परीक्षेचं. पाचव्या सत्राचे दोन पेपर राहिलेत. ते दोन आणि सहाव्या सत्राचे सगळे, असं एप्रिलमध्ये द्यायचंय. जानेवारीपासून मी कॉलेजला मोजून अकरा दिवस गेले. अंतर्गत चाचणी चुकली. प्रॅक्टिकलला एकदा गेले, पण अमोनियाच्या वासाने असा खोकला उसळला की सरांनी बाहेर बसवलं. खरं सांगायचं तर मी नापास होणार असं मला दिसतंय. आईला ते दिसत नाहीय. ती रोज पानं कापायला बसली की म्हणते, ‘मे महिन्यात तू ग्रॅज्वेट.’

मात्र हे सगळं लिहिण्याचं कारण वेगळंच आहे.

आमच्या घरी असं ठरलंय की कुणाला सांगायचं नाही. माझे आजोबा क्षयाने गेले. त्यांचं ताट-तांब्या वेगळा ठेवायचे, ते आईने लग्न होऊन आल्या आल्या पाहिलंय. मुलीला टीबी झाला हे वस्तीत कळलं तर माझं लग्न जमणार नाही, तिच्या हातच्या विड्यासुद्धा कुणी घेणार नाही, असं ती म्हणते. म्हणून शेजारी सांगितलंय की कावीळ झालीय. कॉलेजात काहीच सांगितलेलं नाही. बाई विचारतात तेव्हा मी ‘घरी अडचण आहे’ म्हणते. म्हणजे मी अभ्यास न करणारी, दांड्या मारणारी मुलगी ठरले तरी घरच्यांना चालेल, पण टीबीची पेशंट ठरलेली चालणार नाही. गेल्या आठवड्यात वर्गातला एकजण म्हणाला, ‘हिचं लक्ष नाही आता.’ पहिल्या दोन वर्षांत मी वर्गात दुसरी होते. त्या रात्री मला झोप आली नाही.

पोषणासाठी सरकार दर महिन्याला एक हजार रुपये देतं. त्याचा फॉर्म भरतानाही आईने विचारलं, पासबुकावर टीबी असं छापून येतं का?

तर मला विचारायचंय की या स्थितीत परीक्षेला बसावं की सोडून द्यावी? कॉलेजला सांगायचं झालं तर कुणाला आणि कसं सांगायचं, म्हणजे ते सगळीकडे पसरणार नाही? दवाखान्यात माझं नाव नोंदवलंय, ते कॉलेजला आपोआप कळतं का? आणि नापास झालेच, तर आईला हे निकालाच्या दिवशी सांगू की आत्ताच? शेवटचा प्रश्न मला सगळ्यात जड जातोय.

— प्रतिसाद —

ताई, जीव महत्त्वाचा की परीक्षा? सरळ सोडून द्या. पुढच्या वर्षी आरामात द्या. एक वर्षाने काही बिघडत नाही.

— प्रतिसाद —

ताई, मी बार्शीकडचा. मलाही टीबी झाला होता, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. एकच गोष्ट हात जोडून सांगतो. मी पेपरच्या दिवशी मळमळ नको म्हणून गोळ्या चुकवायचो. आज पेपर, उद्या प्रॅक्टिकल, असं करत महिन्यात आठ-नऊ दिवस गेले. मग बरं वाटतंय म्हणून चौथ्या महिन्यात बंदच केल्या. वर्षभरात आजार परत आला आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. अर्धवट घेतलेल्या गोळ्यांनी जंतू औषधाला दाद देईनासे होतात, मग उपचार लांबतो आणि जास्त त्रासाचा होतो. माझ्यावर ती वेळ येता येता टळली. पेपरच्या काळात गोळ्यांची वेळ बदलता येईल का, ते गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने बदलू नका. मळमळीवरही ते औषध देतात. तुमचे दोन महिने मार्चअखेर संपतील तेव्हा पायराझिनामाईड थांबेल. माझे सांधे त्यानंतरच मोकळे झाले होते, म्हणजे एप्रिलमध्ये तुम्हाला आत्ताइतका त्रास कदाचित होणार नाही.

आणि कावीळ सांगितलीय हे वाचून मी घाबरलो. कुणी काविळीचं झाडपाल्याचं औषध आणून दिलं का? ते चुकूनही घेऊ नका. आपल्या गोळ्यांचा भार लिव्हरवरच पडतो. डोळे पिवळे दिसले, जेवण अजिबात जाईना किंवा उलट्या थांबेनात तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. लघवी केशरी होते ती रिफॅम्पिसिनमुळे, तिला घाबरू नका.

— प्रतिसाद —

बाळ, मी तीस वर्षं कॉलेजात शिकवलं, त्यातली बरीच वर्षं परीक्षेच्या कामात होते. पहिल्या प्रतिसादाशी मी सहमत नाही. सत्र पद्धतीत जो पेपर सुटला तो सुटला, तो पुन्हा द्यावा लागत नाही. सगळी परीक्षा सोडलीस तर सगळे पेपर पुढे जमा होतील. त्यापेक्षा जे तीन-चार पेपर तुला येतात त्यांच्यावरच महिना घालव आणि तेवढे काढ. बाकीच्यांना बसायचं की नाही ते त्या त्या दिवशी तब्येत बघून ठरव. तिसऱ्या वर्षाला एखाद-दोन विषय राहिले म्हणजे आयुष्यातून उठलं असं नसतं. माझ्या हाताखालून गेलेल्या कितीतरी मुलांनी पुढच्या सत्रात विषय काढले आणि पदवी घेतली.

तुझी खरी अडचण हजेरी, चुकलेली चाचणी आणि प्रॅक्टिकल ही आहे, आणि ती गप्प बसून सुटणार नाही. प्राचार्यांच्या नावे अर्ज लिही. सोबत डॉक्टरांचा दाखला जोड. त्यात अमुक तारखेपासून उपचार चालू आहेत आणि विश्रांतीची गरज आहे, एवढंच लिहून देण्याची विनंती करता येते. आजाराचं नाव हवंच असा आग्रह झाला तर ते फक्त प्राचार्यांना बंद पाकिटात दे. अर्जाची एक प्रत स्वतःकडे ठेव आणि तिच्यावर आवक क्रमांक व शिक्का घे. तोंडी सांगितलेलं निकालाच्या वेळी कुणाला आठवत नाही. चाचणी पुन्हा घ्यायची, प्रॅक्टिकलला दुसऱ्या तुकडीत बसवायचं, हे परीक्षेआधी मागितलं तर विभाग विचार करतो. निकाल लागल्यावर सगळ्यांचेच हात बांधलेले असतात. तेव्हा आत्ताच जा.

नोंदणीचं विचारलंस. २०१२ पासून टीबीच्या प्रत्येक रुग्णाची माहिती सरकारला कळवणं डॉक्टरांना बंधनकारक आहे, ती उपचार पूर्ण व्हावेत म्हणून. ती कॉलेजला पाठवायची नसते. मनात शंका असेल तर निक्षय या सरकारच्या टीबी मदत-केंद्राच्या १८००-११-६६६६ या फुकट क्रमांकावर विचार. आणि रात्री झोप लागत नाही म्हणालीस, ते सोडून देऊ नकोस. १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर समुपदेशक बोलतात, त्यालाही पैसे पडत नाहीत.

आईला निकालाच्या दिवशी सांगू नकोस. त्या दिवशी तिच्या हातात काहीच नसेल. आत्ता सांगितलंस तर निदान ती तुझ्याबरोबर कॉलेजात येऊ शकेल.

— धाग्याकर्तीचा प्रतिसाद, पाच दिवसांनंतर —

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘सोडून द्या’ म्हणणाऱ्या दादांना राग येऊ नये, पण आमच्याकडे वर्ष आरामात जात नाही. घरी बसलेल्या पदवी नसलेल्या मुलीसाठी स्थळं बघायला लागतात. माझी पुढे एम.एस्सी.ची इच्छा आहे, तीही मग बोलण्यातून निघून जाते.

बार्शीच्या दादा, तुमचं अगदी खरं निघालं. शेजारच्या काकूंनी काविळीसाठी एक काढा आणि गळ्यात घालायची माळ आणून दिली होती. आईने भीड मोडवेना म्हणून काढा घेऊन ठेवला होता. तुमचा प्रतिसाद मी तिला मोठ्याने वाचून दाखवला आणि तिने उठून तो मोरीत ओतला. दवाखान्यातही हे सगळं सांगितलं. त्यांनी रक्त तपासलं, लिव्हर ठीक आहे. आई आणि भावालाही तपासणीला बोलावलंय. घरच्यांना टीबी होऊ नये म्हणून त्यांनाही गोळ्या देतात, हे आम्हाला माहीतच नव्हतं.

मॅडम, काल रात्री आईला नापास होण्याचं सांगितलं. ती विड्या वळत होती. बराच वेळ काही बोलली नाही, हात मात्र थांबले नाहीत. मग विचारलं, ‘दोन विषय आधीच राहिले होते, ते मला का नाही सांगितलंस?’ तिला त्याचंच जास्त लागलं. मी म्हणाले, आपण कुणाला काही सांगायचं नाही असं ठरलंय ना. त्यावर ती म्हणाली, ‘ते बाहेरच्यांना गं.’

दाखला मिळालाय, त्यात आजाराचं नाव नाही. अर्ज लिहून झालाय. उद्या सकाळी आई माझ्याबरोबर येतेय. कारखान्यात विड्या द्यायचा दिवस आहे, तरी येतेय. बाईंना मात्र मी आजाराचं नाव सांगणार आहे, आईने त्याला हो म्हटलंय. दोन आठवडे नीट गोळ्या घेतल्या की बहुतेक रुग्णांपासून लागण होत नाही, असं मला दवाखान्यात सांगितलं होतं. बाई दचकल्या तर तेच सांगेन.

मॅडमनी सांगितलं तसं मी चार पेपर निवडलेत : सेंद्रिय रसायन, विश्लेषणात्मक रसायन आणि राहिलेले दोन. भौतिक रसायनाला बसेन, पण त्यावर वेळ घालवणार नाही. सकाळी मळमळते म्हणून दुपारी तीननंतर अभ्यास करते. पंचवीस मिनिटं वाचते, मग आडवी होते. काल असे सहा वेळा झाले. सोलापूरचं ऊन आत्ताच तापायला लागलंय आणि आमच्या पत्र्याखाली चारपर्यंत बसवत नाही. म्हणून कुंभारीहून बसने जाऊन शहरातल्या एखाद्या अभ्यासिकेत बसावं असं वाटतंय, पण बंद एसी खोली नको, खिडक्या उघड्या असलेली हवी. सात रस्ता किंवा नवी पेठेच्या बाजूला अशी जागा कुणाला माहीत आहे का? आणि पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचे सेंद्रिय रसायनाचे मागच्या दोन-तीन वर्षांचे पेपर कुणाकडे असतील तर कृपया सांगा.