अनुभव धागा: मीटिंगची पहिली पायरी

उंबरठा
सकाळपासून गटारीचे फॉरवर्ड येतायत. कोंबडी, ग्लास, गटारात लोळणारा माणूस. त्या चित्रातला माणूस मीच होतो, फक्त गटाराऐवजी ठाणे स्टेशनचा जिना.
अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची (एए, दारू सोडणाऱ्यांचा गट) पहिली मीटिंग आठवली. महापालिकेची शाळा, संध्याकाळी सात. फाटकासमोरून तीनदा गेलो, आत शिरवेना. चौथ्या फेरीला टपरीवाला म्हणाला, "मीटिंगला ना? वरती, तिसरी खोली." म्हणजे तोंडच सांगत होतं. आत चौथीच्या पोरांची बाकं, गुडघे छातीला. एका काकांनी चहा दिला, कप अर्धाच भरलेला. मनात म्हटलं, काय चिंगूस लोक आहेत. उचलला तेव्हा कळलं. हात असा थरथरत होता की भरलेला कप शर्टावरच गेला असता. काका काही बोलले नाहीत, दुसरीकडे बघत बसले. फी विचारली तर म्हणाले, "सोडायची इच्छा आहे ना? मग झालं."
येत्या ऑक्टोबरला ९ वर्षं होतील. तुम्ही कसे पोचलात? तुम्ही, बायको, आई, कुणीही लिहा. फक्त तिथे दुसऱ्यांचं ऐकलेलं इथे नको.

काकडी
अर्धा कप!!! इतकी वर्षं मी आमच्या ग्रुपला कंजूष समजत होतो

रातराणी७
नवऱ्याच्या आधी मी गेले, अल-अ‍ॅनॉनला, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या गटाला. तो म्हणाला, "पितो मी आणि मीटिंगला तू?" मी तेव्हा बाटलीवर पेनाने खुणा करायचे, किती उतरली बघायला. त्याच्या ऑफिसात फोन करून "पोट बिघडलंय" सांगायचे. एवढी पोटं बिघडवली मी त्याची. तिथे समजलं की हे सगळ्याच करतात, आणि खुणा करून बाटली काही कमी होत नाही. सासूबाईंना सांगितलं, भिशीला जाते. दीड वर्षाने तोही जायला लागला. पण त्या अजून विचारतात, "तुझी भिशी लागत कशी नाही गं?"

फुकटचंबू
सासूबाईंना म्हणावं लागली, नवरा परत मिळाला 😄

तिठा
एक महत्त्वाचं, घाईत लिहितेय, कुकर लावलाय. दादाने जिद्दीने घरीच बंद केली, तिसऱ्या दिवशी फिट आली. रोज पिणाऱ्याने एकदम थांबवायच्या आधी डॉक्टर गाठा. मीटिंग आहेच, पण आधी ते.

सातबारा
गावाकडे अनामिक बिनामिक काही नसतं. दारात गाडी दिसली की संध्याकाळपर्यंत बातमी सासुरवाडीला. म्हणून तालुका सोडून ४० किमीवर गेलो. पहिल्याच बाकावर आमच्या गावचाच एकजण. दोघांनी महिनाभर एकमेकांना ओळखलंच नाही. आता एकाच गाडीने जातो, पेट्रोल निम्मं.

बिनसाखर
मी दारात उभी, तर एकजण अदबीने म्हणाला, "मॅडम, घरच्यांची मीटिंग शेजारच्या खोलीत." म्हटलं, नाही हो, मी इथलीच. सतरा पुरुष आणि मी. त्यांनी जागा दिली, पण बोलायला वर्ष लागलं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये बायकांची ऑनलाइन मीटिंग सापडली, कॅमेरा बंद ठेवून, पोळ्या लाटत ऐकायचे. तिथे पहिल्यांदा नीट रडले.

पाऊलवाट
विरोधी सूर चालेल ना? चारदा गेलो, जमलं नाही. प्रार्थना आली की माझं डोकं फिरतं. "तुम्हाला समजेल तो ईश्वर" म्हणतात, एकाने तर "हा ग्रुपच ईश्वर धर" म्हणूनही सांगितलं. तरी नाहीच. डॉक्टर, गोळ्या आणि पहाटेचं पळणं यावर ३ वर्षं झाली. पण त्या चारांतल्या एकाचा नंबर अजून ठेवलाय. दोनदा रात्री लावला, दोन्हीदा उचलला.

उंबरठा
@पाऊलवाट चालेल काय, धावेल. आणि तो फोन हीच तर मूळ गोष्ट. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रनला बिल नावाचा माणूस हॉटेलच्या लॉबीत उभा, धंदा बुडालेला, एकीकडे बार. त्याने फोन फिरवत दुसरा दारुडा शोधला, स्वतः वाचायला. सापडला तो सर्जन, डॉ. बॉब. तिथूनच एए सुरू झालं, आपल्याकडे १९५७ पासून चालू आहे.

काकडी
मी तीनदा घसरलो. तिसऱ्यांदा परत गेलो तेव्हा वाटलं आता हाकलतील. "ये, बस" एवढंच. चहा परत अर्धा.

नवीन_सभासद
मित्रासाठी विचारतोय. रविवारी असते का? पहिल्याच दिवशी बोलावं लागतं का?

रातराणी७
मित्राला सांगा, नुसतं बसलं तरी चालतं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या भारतातल्या साइटवर शहरं आहेत. आधी फोन करा, वेळा बदलतात. घरच्यांना न्यायचं तर ओपन मीटिंग विचारा, क्लोज्ड फक्त पिणाऱ्यांसाठी.

उंबरठा
मित्राला एकट्याने यायला जड जात असेल तर मी फाटकाशी उभा राहतो. टपरीवाला तोच आहे अजून.

नवीन_सभासद
विचारतो त्याला. त्याचे गुडघे दुखतात. बाकं खरंच एवढी बुटकी आहेत का?