भटकं म्हणजे वाट फुटेल तिकडे?

एकांनी लिहिलंय की भटक्याला ना ठिकाण ना वेळापत्रक, म्हणून तो मोकळा. मला हे पटत नाही. साताऱ्याकडच्या फलटण-माण भागातले मेंढपाळ धनगर बघा. दिवाळीच्या आसपास बिऱ्हाड घोड्यावर लादायचं, घाट उतरून कोकणात जायचं आणि पावसाच्या आत माघारी घाटावर यायचं. कोकणातला धो धो पाऊस दख्खनी मेंढराला सोसत नाही. उशीर झाला की कळप आजारी पडलाच म्हणून समजा. एवढं कडक वेळापत्रक आपल्या नोकरीतही नसेल!

भात कापलेल्या मोकळ्या रानात रात्री वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून मेंढरं बसवतात. लेंड्या-मुताचं खत शेतकऱ्याला, बदल्यात धान्य किंवा पैसे धनगराला. कुठल्या गावात कुणाचं रान, हे बहुतेक वर्षानुवर्षांच्या ओळखीतून ठरतं. आता बारमाही पिकं, कुंपणं आणि रुंद झालेले घाटरस्ते यांनी वाट अडते, पण ते वेगळं रडगाणं.

बाकी, सुट्टीत बुलेटवर लडाखला जाऊन स्वतःला 'भटक्या' म्हणवणाऱ्यांत मीही आहे. पण माझ्या सामानात कोकरू नसतं.