बेटाला नियम हवेत, नुसतं अंतर नको
टेलिपोर्ट (क्षणात दुसरीकडे पोचवणारी सोय) आल्यापासून गेममधली बेटं म्हणजे नकाशावरचे ठिपके उरलेत, असं कुणी म्हणतं ते मला अर्धंच पटतं. ‘ओल्ड स्कूल रुनस्केप’ या ऑनलाइन गेममधलं कारामजा बेट आठवा. पोर्ट सरिम बंदराहून बोटीचं भाडं 30 नाणी, आणि नवख्याच्या खिशात कधी कधी तेवढीही नसतात! मग केळीच्या बागेत जायचं. 10 केळी तोडून खोक्यात भरली की बागेचा मालक लुथास नेमकी 30 नाणीच हातावर ठेवतो, झाली परतीची सोय. तिथली रम मात्र टेलिपोर्टने बाहेर काढता येत नाही. बोटीने न्यावी तर जकातवाला झडती घेतो. म्हणून चाच्याच्या खजिन्याच्या क्वेस्टमध्ये (म्हणजे मोहिमेत) ती त्याच केळ्यांच्या खोक्यात दडवून धाडावी लागते. टेलिपोर्टला पुरून उरणारी ही गंमत आहे.

एन्ट्राना बेट त्याहून कडक. शस्त्र, चिलखत काहीही अंगावर असेल तर भिक्षू बोटीत पाऊलच ठेवू देत नाहीत. (मी पहिल्यांदा हातमोजे काढायला विसरलो होतो, निमूट बँकेत परत.) आणि ‘लॉस्ट सिटी’ क्वेस्टसाठी याच बेटाच्या तळघरात रिकाम्या हाताने उतरून झोंबीकडूनच कुऱ्हाड मिळवायची!

उलट क्रँडोर बेट. जहाज विकत घ्या, फळ्या ठोका, नकाशाचे तीन तुकडे जुळवा, आणि तिथली गुप्त भिंत एकदा सापडली की कारामजाच्या ज्वालामुखीतून पायीच ये-जा. नकाशावरचा नुसता ठिपका हवा असेल तर हा घ्या.