क्लब बदलणं पैशासाठी नव्हतं
कुणीतरी म्हटलंय की दोन महायुद्धांच्या मधल्या काळातले इंग्लिश फुटबॉल खेळाडू पैशाच्या मोहाने क्लब बदलत. हे पटत नाही. 1922 पासून नियमाने ठरलेला कमाल पगार हंगामात आठवड्याला 8 पौंड, उन्हाळ्यात 6. विजयाला 2 पौंड बोनस, बरोबरीला 1. मग जास्त देणार कोण? तिसऱ्या डिव्हिजनच्या, म्हणजे लीगच्या खालच्या गटातल्या, गड्याला बहुधा त्याहून कमीच मिळे.

खरी मेख 'रिटेन अँड ट्रान्स्फर' पद्धतीत होती. करार एका हंगामाचा, पण खेळाडूची लीगमधली नोंदणी क्लबच्या हातात. करार संपला तरी क्लबने सोडल्याशिवाय लीगमधल्या दुसऱ्या क्लबकडून खेळता येत नसे. ट्रान्स्फर यादीत, म्हणजे दुसऱ्या क्लबला विकायच्या खेळाडूंच्या यादीत, नाव टाकून अवाच्या सवा किंमत लावली, की गडी बिनपगारी अडकलाच! हा सरळ अन्याय होता.